अकरा सेकंद मागे

१

माझ्याकडे तीन घड्याळं होती. लाकडी फळीवर पितळी चापांत शेजारी शेजारी बसवलेली. मधलं आमच्या गाडीचं, डावं पुढच्या गाडीचं, उजवं मागच्या गाडीचं. फळी मांडीवर, तिच्याखाली तक्ता, पेन्सिल अंबाड्यात. शर्यतीत वेळ घेणारी बाई म्हटली की लोकांना वाटतं, ही डोळे फाडून रस्त्याकडे बघत बसत असणार. बघणारा फसतो. डोळा हावरा असतो, गाडीच्या मागे पळत सुटतो आणि अंगठा मागे राहतो. मी कानानं वेळ घ्यायचे. इंजिनाचा आवाज चढत चढत येतो आणि गाडी समोरून गेली की एकदम उतरतो. तो उतरायच्या क्षणी अंगठा दाबायचा. माझा अंगठा चुकत नाही, हे मला पाण्यात पाहणारेसुद्धा मान्य करत.

वेळ घेतली की वजाबाकी, आणि वजाबाकीचं उत्तर पाटीवर. ताशी अडीचशेच्या वेगानं जाणाऱ्या माणसाशी दुसरं कुणी बोलू शकत नाही. त्याची आई नाही, बायको नाही, पाद्री नाही. त्याला फक्त पाटी दिसते, तीही पापणी लवायच्या आत. आमच्या पाटीच्या एका बाजूला खडूनं आकडा लिहायचा, मागचा किती सेकंदांवर आलाय त्याचा. दुसऱ्या बाजूला तांबड्या रंगात कायमचं रंगवलेलं होतं, ‘थांब’. ती बाजू दिसली की पुढच्या फेरीला गाडी आत आणायची. का म्हणून विचारायचं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, ऑक्ताव्ह मोरेस्तिएबद्दल लोक मला अजून विचारतात. तीन वेळा फ्रान्सचा विजेता. आमच्या गावच्या चौकाला त्याचं नाव आहे. म्हातारे तिथे झाडाखाली लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळतात आणि त्याच्या गोष्टी सांगतात. त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. उरलेल्या निम्म्या फक्त मला माहीत आहेत.

२

ब्लेझ माझा धाकटा भाऊ. चौदा नंबरची निळी गाडी चालवायचा. दिसायला आईवर, हट्टाला बापावर. गाडीचं इंजिन फार ताणलं की त्यात एक ठोका चुकायचा आणि कुणी घशात कफ अडकल्यासारखं खाकरावं तसा आवाज यायचा. आमचा जुना मेस्त्री गॅस्पार त्याला खोकला म्हणायचा. “तुझ्या भावाच्या गाडीला लिंबाचा काढा पाज गं,” म्हणायचा.

त्रेपन्न सालचा जुलै. शर्यत आमच्याच गावी, त्रिकोणावर. त्रिकोण म्हणजे गव्हाच्या शेतांमधले तीन साधे रस्ते. वर्षभर त्यांच्यावरून बीट वाहणारे ट्रॅक्टर जातात, शर्यतीच्या आठवड्यात ते बंद होतात आणि मग आम्ही जातो. त्या वर्षी आमच्या मालकाकडे दोन चालक होते, ब्लेझ आणि मोरेस्तिए. पुढच्या वर्षीची नवी गाडी दोघांपैकी एकालाच मिळणार होती.

मोरेस्तिएची गाडी नवव्या फेरीत बंद पडली. आमच्यात रीत अशी की गाडी बंद पडलेल्यानं रुसून घरी जायचं नाही, रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीशी उभं राहून दुसऱ्यासाठी पाटी धरायची. तो उभा राहिला. हातमोजे काढून तळहातावर दोनदा आपटले, फट् फट्. ही त्याची सवय होती. काहीही सुरू करायचं झालं की आधी ते. ब्लेझ तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता.

मग गॅस्पार ओरडला, “मागचं डावं चाक! पांढरं दिसतंय! थांबवा पोराला!”

रबर झिजून आतलं पांढरं कापड उघडं पडलं की त्या टायरच्या फार तर दोन फेऱ्या उरतात. मी तक्त्यात मान खुपसून बसले होते. मोरेस्तिएनं विचारलं, “ओदिल, किती?”

“अकरा,” मी म्हटलं. त्याआधीच्या फेरीला नऊ होते.

ब्लेझ आला. आवाज उतरला, अंगठा दाबला. अकरा सेकंदांनी मागचा इटालियन गेला. त्याच्या पुढच्या फेरीला इटालियन पहिला आला, आणि गव्हाच्या पलीकडे धूर दिसला.

“मी दाखवली होती,” मोरेस्तिए सगळ्यांना सांगत होता. “त्यानं बघितली. मानसुद्धा हलवली. मग का थांबला नाही, देव जाणे.”

सगळ्यांना पटलं, कारण ब्लेझ हट्टी होताच. पेपरात आलं, हट्टानं जीव गेला. बाजारात बायका आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, ऐकलं असतं तर आज असता. आईनं हे दोन वर्षं ऐकलं आणि ती गेली.

त्या दिवशी सामान आवरताना पाटी माझ्या हातात आली. खडूच्या बाजूला अकराचा आकडा होता, मोरेस्तिएच्या अक्षरात. त्याच्या एकाला डोक्यावर लांब तिरपी शेंडी असायची. थांबची बाजू दाखवायची होती, तर आकडा विचारला कशाला आणि लिहिला कशाला?

मी गॅस्पारला सांगितलं. तो बराच वेळ चिंधीनं बोटं पुसत राहिला. “पोरी, मला पटतं,” तो म्हणाला. “पण खडूच्या चार रेघा घेऊन कुणाच्या दारात जाणार आहेस? मालकाला आता तोच एक चालक उरलाय.”

मी पाटी पुसली. नोकरी सोडली नाही. लोक म्हणाले, काय निष्ठा बाईची. निष्ठा कसली, मी डूख धरला होता. हा माणूस कधीतरी चुकेल आणि तेव्हा घड्याळ माझ्या हातात असेल, एवढ्यासाठी मी राहिले. आणि आणखी एक गोष्ट मला रात्रंदिवस खात होती. तो अकराचा आकडा माझ्याच तोंडून गेला होता.

३

पुढच्या वसंतात पहिली शर्यत दक्षिणेतल्या एका डोंगराळ गावात होती. मोरेस्तिए नव्या गाडीत. तो समोरून गेला, मी मधलं घड्याळ दाबलं, तक्त्यात वेळ लिहिली. आणि थोड्या वेळानं माझा अंगठा उजव्या घड्याळावर आपोआप दाबला गेला.

मी वर बघितलं. रस्ता रिकामा होता. पलीकडे गवताच्या गाठी, त्यांच्यामागे दोन पोलीस सिगारेट ओढत उभे. मागची गाडी अजून वळणावरसुद्धा आली नव्हती. उजव्या घड्याळात अकरा सेकंद होते.

सवय, मी मनाला सांगितलं. जिना संपल्यावरही पाय एक पायरी शोधतो, तसलंच हे. पुढच्या फेरीला मी मुद्दाम अंगठा घड्याळावरून उचलून ठेवला आणि कान दिला. मोरेस्तिए गेला. त्याचा आवाज वळणामागे विरला. मग दुसरा आवाज आला, पातळ, भिंतीपलीकडच्या खोलीतून यावा तसा. चढला, माझ्यासमोर आला, एकदा खाकरला आणि उतरला.

प्रतिध्वनी, मी म्हटलं. डोंगर आहे समोर. पण मी हिशेबाची बाई. अकरा सेकंदांनी परत यायचं तर आवाजाला जायला आणि यायला मिळून पावणेचार किलोमीटर लागतात, आणि समोरचा डोंगर जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होता. शिवाय डोंगर काय फक्त मोरेस्तिएलाच उत्तर देणार होता? त्या दिवशी अठरा गाड्या पळत होत्या. सतरांच्या मागे काही आलं नाही.

गॅस्पारचा एक पिवळा कुत्रा होता, मुतार्द नावाचा. पिल्लू असल्यापासून शर्यतींत वाढलेला. बॉम्ब पडला तरी पंजावरचं तोंड उचलायचा नाही. मोरेस्तिए गेला, मुतार्द झोपलेलाच. अकरा सेकंदांनी त्यानं डोकं वर केलं आणि एखादी गाडी जाताना बघावी तसं डावीकडून उजवीकडे वळवलं. मग परत पंजांवर ठेवलं. प्रत्येक फेरीला.

“याला काय झालंय आज?” गॅस्पार म्हणाला. “माश्या आहेत वाटतं.”

मी म्हटलं, “असतील.”

४

तरीही माझा विश्वास बसला नव्हता. दुःखानं बायकांची डोकी फिरतात, मला माहीत आहे, माझ्या मावशीचं फिरलं होतं. आणि कुत्रा माणसाच्या अंगावरचं भय हुंगतो असं म्हणतात. मी सगळ्याला कारण शोधत होते आणि मला सापडतही होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात माझ्या घशाला सूज आली आणि एका शर्यतीला मला खाणावळीच्या खोलीत पडून राहावं लागलं. माझ्या जागी मसिए लेकुर्ब बसले. पोस्टातले कारकून, सुट्टीच्या दिवशी हौसेनं वेळ घेणारे. नीटनेटका, खालमानेचा माणूस. मोरेस्तिएबद्दल किंवा ब्लेझबद्दल त्यांना पेपरात येईल तेवढंच ठाऊक.

संध्याकाळी ते तक्ता द्यायला वर आले. टोपी हातात, बसायला तयार नाहीत. खिडकीखाली कुणीतरी शर्यत जिंकल्याची गाणी म्हणत होतं.

“मॅदमोझेल रुव्हिएर, एक विचारायचं होतं. चौदा नंबर कुणाचा?”

“का?”

“यादीत चौदा नंबर नाहीये. मी तीनदा तपासली.” त्यांनी तक्ता पांघरुणावर ठेवला. “पण मी लिहिलाय. चोवीस वेळा. प्रत्येक वेळी मसिए मोरेस्तिएंच्या नंतर, नऊ सेकंदांनी.”

“गाडी दिसली तुम्हाला?”

“दिसली असेलच. लिहिलंय म्हणजे दिसली असणार.” मग ते टोपीची कड बोटांनी फिरवत राहिले. “नाही दिसली. हात लिहीत होता. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? पोस्टात माझी बढती व्हायचीय.”

मी त्यांना चहा विचारला. त्यांनी नको म्हटलं आणि जिना जवळजवळ पळत उतरले. त्यानंतर त्यांनी शर्यतीचं तिकीटसुद्धा कधी घेतलं नाही, असं ऐकलं.

मी तक्ता उशीखाली ठेवला. अकराचे नऊ झाले होते. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आनंद झाला. घसा दुखत असूनही मी त्या दिवशी वाटीभर सूप मागवून प्यायले.

५

मोरेस्तिए जिंकत गेला. पंचावन्न साली पहिलं विजेतेपद, सत्तावन्नला दुसरं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस इतका देखणा दिसू शकतो हे मी त्याच्याकडे बघून शिकले. पेपरवाले लिहायचे, मोरेस्तिए सैतान मागे लागल्यासारखा चालवतो. मी ते कापून वहीत चिकटवायचे आणि हसायचे. नवाचे सात झाले, साताचे पाच. तो जितका जोरात पळे तितकं मागचं जवळ येई.

त्यानं मला कितीदा सांगितलं, “ओदिल, इतकी वर्षं झाली, ‘तू’ म्हण की आता.” मी तुम्हीच म्हणत राहिले. नाताळला तो मला चॉकलेटचा डबा पाठवायचा. मी तो न उघडता शेजारच्या मुलांना द्यायचे.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात मी काही कामानं कारखान्यात गेले तर गॅस्पार मोरेस्तिएच्या गाडीच्या नाकाडावर पुट्टी भरत होता. शेजारी बाकावर मागचं बघायचा आरसा उपटून ठेवलेला.

“हलतो म्हणे,” गॅस्पार म्हणाला. “मी घट्ट करून दिला. म्हणाला, नको, काढूनच टाक. आता याला मागचा दिसणार कसा?”

“पाटी आहे की,” मी म्हटलं.

पेपरांनी त्याचंही कौतुक केलं. विजेता मागे बघत नाही. ते वाक्य पुढे त्याच्या नावाला चिकटलं, आजही चौकातल्या दगडावर कोरलेलं आहे.

शर्यत झाली की तक्ता तपासायला तो माझ्या खोपटात यायचा. वेळ घेणाऱ्यांसाठी फळ्यांची एक खोली असते, एक खिडकी, एक टेबल, हात धुवायचा नळ. उजव्या रकान्यात मी त्या चौदा नंबराचे आकडे बारीक पेन्सिलीनं लिहायचे. लपवायचे नाही. एका रविवारी त्याचं बोट तिथे थांबलं.

“हा कोण?”

“मागचा.”

“मागचा चाळीस सेकंदांवर होता.”

“तो दुसरा,” मी म्हटलं.

तो नळाशी गेला आणि हात धूत राहिला. पाण्याचा आवाज फार वेळ येत होता. हात कधीच स्वच्छ झाले होते. जाताना त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, “खोकतो तो. तुला ऐकू येतं?”

“मी कानानंच वेळ घेते, मसिए मोरेस्तिए.”

६

साठ सालचा जुलै. त्यानं जाहीर केलं होतं, त्रिकोणावरची शर्यत शेवटची. तिसरं विजेतेपद आधीच खिशात होतं. शर्यतीनंतर मंचावरून तो निरोपाचं भाषण करणार होता. सगळा गाव लोटला होता, महापौर पट्टा घालून आले होते, गहू कापणीला आला होता.

सकाळी तो खोपटात आला. चामड्याचं जाकीट काढून खिळ्याला अडकवलं. म्हातारा दिसत होता. चाळिशीचा माणूस, पण मानेची कातडी सैल झालेली.

“किती राहिलेत, ओदिल?”

तो काय विचारतोय हे मला कळलं. “गेल्या वेळी चार होते.”

“म्हणजे आज...”

“आज तुम्ही त्याच रस्त्यावर आहात,” मी म्हटलं. मग सात वर्षं दातांखाली धरून ठेवलेलं बोलले. “भाषणात सांगा. पाटी दाखवली नव्हती म्हणून सांगा. माझा भाऊ हट्टानं मेला नाही, एवढंच. माझी आई ते ऐकत ऐकत मेली. दुसरं मला काही नको. तुमचे करंडक तुमच्यापाशी ठेवा.”

तो खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. “सांगितलं तर तो थांबेल?”

“ते मला काय माहीत? मी वेळ घेते.”

“बघू,” तो म्हणाला. “शर्यत संपू दे.”

हातमोजे तळहातावर दोनदा आपटून तो गेला. मोरेस्तिएचं ‘बघू’ मी ओळखून होते. मेस्त्र्यांच्या पगारवाढीला तो बघू म्हणायचा, लग्न ठरलेल्या तीन मुलींना तो बघू म्हणाला होता. त्याच्या बघूचा अर्थ नाही. माझ्या पोटात जे काही मऊ राहिलं होतं ते त्या शब्दानं दगड झालं.

७

पाटी त्या दिवशी मी माझ्याकडे घेतली. गॅस्पारला गुडघेदुखीमुळे उभं राहवत नव्हतं, तो खुर्ची टाकून भिंतीशी बसला, मुतार्द त्याच्या पायाशी. कुत्राही म्हातारा झाला होता.

पहिल्या दहा फेऱ्या चार सेकंद. मग तीन. खरा दुसरा, एक बेल्जियन, अठ्ठावन्न सेकंद मागे होता. मी पाटीवर प्रामाणिकपणे अठ्ठावन्न लिहीत होते. लोक निवांत झाले होते, मागे कुणीतरी बाटली उघडली. मोरेस्तिए मात्र जीव घेऊन पळत होता. अठ्ठावन्न सेकंद पुढे असलेला माणूस असा चालवत नाही.

एकविसाव्या फेरीला दोन. मुतार्दची मान आता गाडीमागून लगेच वळत होती. मला वाटलं, रस्त्यावर मोरेस्तिएच्या धुळीमागे धुळीचा आणखी एक पट्टा उठतोय. ऊन होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, मी त्यावर भरवसा ठेवला नाही.

पंचविसाव्या फेरीला एक. आणि गॅस्पार खुर्चीतून उठला.

“पांढरं!” तो ओरडला. “मागचं डावं. ओदिल, पांढरं दिसतंय, थांबव त्याला!”

मी पाटी उचलली. तांबडी बाजू माझ्याकडे होती. फिरवायची, बस, एवढंच काम. अडीच मिनिटं होती माझ्याकडे. अडीच मिनिटं हा फार मोठा वेळ असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. त्या वेळात मी आईचा चेहरा आठवला, बाजारात खाली घातलेला. मग भिंतीवर चढले आणि कान दिला.

आवाज आला. दोन आवाज येतील म्हणून मी थांबले होते, पण एकच आला, जाड, दुहेरी सुतळीसारखा, आणि तो खोकत होता. मी खडूनं शून्य काढलं आणि पाटी बाहेर धरली.

मोरेस्तिएनं ती वाचली. मी त्याचे डोळे बघितले, आयुष्यात पहिल्यांदा मी वेळ घेताना गाडीकडे बघितलं. मागे न बघणाऱ्या माणसानं मान वळवली. मागे नाही, बाजूला, डावीकडे. रस्त्यात बरोबर चालणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. त्याचे ओठ हलले. आणि त्याच्या डाव्या अंगाला, जिथे मोकळा डांबरी रस्ता होता, तिथे उन्हात एक निळी झाक मला दिसली, माझ्या ओळखीची.

मग ते गेलं.

मी मोजत होते. दूर, गव्हाच्या पलीकडे, आवाज कापल्यासारखा थांबला. लोक उठले. धूर वर यायला लागला. कुणीतरी किंचाळलं आणि मग सगळीकडे पळापळ. मी भिंतीवरून हलले नाही, कारण एक आवाज अजून चालू होता. तो वळणं घेत होता, शेवटच्या सरळ रस्त्याला लागला, चढत चढत आला. माझ्यासमोर एकदा खाकरला आणि उतरला. मुतार्दनं मान वळवली आणि शेपूट हलवली. माझा अंगठा दाबला गेला.

सात वर्षांपूर्वी अर्धी राहिलेली फेरी पुरी झाली. मी ती तक्त्यात लिहिली, चौदा नंबर, आणि शाईनं लिहिली. त्यानंतर तो आवाज मी कधी ऐकला नाही.

गॅस्पारनं माझा दंड धरला. “दाखवलीस ना गं?”

“दाखवली,” मी म्हटलं. “त्यानं बघितली. मानसुद्धा हलवली.”

बोलून गेल्यावर मला कळलं की ही वाक्यं माझी नाहीत.

८

त्याचं जाकीट खोपटातल्या खिळ्यालाच होतं. बायको नाही, मूल नाही, म्हणून मालकानं गॅस्पारला खिसे बघायला सांगितले. आतल्या खिशात घडी केलेला कागद निघाला, भाषणाचा. गॅस्पारनं चष्मा लावला आणि मालकासमोर, माझ्यासमोर तो वाचायला लागला. सुरुवातीला आभार, महापौर, मेस्त्री. मग खाली, वेगळ्या शाईत, आदल्या दिवशीची तारीख घालून:

“सात वर्षांपूर्वी या भिंतीशी मी ब्लेझ रुव्हिएरला थांबायची पाटी दाखवली नाही. आकडा दाखवला. नंतर म्हणालो, त्यानं बघितली, मानसुद्धा हलवली. तो हट्टानं मेला नाही. हे मी आज...”

गॅस्पार थांबला. कागदावरून त्याची नजर माझ्याकडे आली, आणि माझ्यावरून भिंतीला टेकवलेल्या पाटीकडे गेली. तिची खडूची बाजू बाहेर होती. तिच्यावर माझ्या अक्षरातलं शून्य होतं.

“पुढे?” मालकानं विचारलं.

“पुढे काही नाही,” गॅस्पार म्हणाला. तो लंगडत पाटीपाशी गेला, शर्टाच्या बाहीनं ती पुसली आणि कागद पेपरवाल्यांना द्यायला बाहेर पडला. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला, समोरच्याच गल्लीत. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

ब्लेझचं नाव धुतलं गेलं. मला हवं होतं ते मिळालं, आणि हात न पसरताही मिळणार होतं. अर्धा तास थांबले असते तर. लोकांनी मात्र मोरेस्तिएला आणखी डोक्यावर घेतलं. कबुली द्यायला निघालेला माणूस, म्हणाले, केवढं काळीज. चौकाला नाव त्यामुळेच मिळालं. पेपरांनी हेही छापलं की ब्लेझला न दाखवलेली पाटी बघूनही शेवटी तो स्वतः थांबला नाही, दैवाचा खेळ. पाटीबद्दल मला आणखी कुणी विचारलं नाही. वेळ घेणाऱ्या बाईवर कोण संशय घेतो?

मला पश्चात्ताप झाला का? पाद्री विचारतात. मी त्यांना सांगते, बघू.

आता माझं रोजचं काम एवढंच. सकाळी आठला कोपऱ्यावरच्या दुकानात पावासाठी जायचं. दारावर घंटा आहे, दार ढकललं की वाजते. गेल्या काही वर्षांपासून माझ्यामागून ती पुन्हा एकदा वाजते, आणि दारात कुणी नसतं. मग फट् फट्, तळहातावर चामडं आपटल्यासारखं.

“स्प्रिंग सैल झालीय हो, मॅदमोझेल,” दुकानवाली म्हणते. “तुम्ही आलात की वाराच आत येतो बघा.”

मी पाव घेते, सुटे पैसे मोजून देते आणि मागे बघत नाही. मोरीतला आरसा मी मागच्या हिवाळ्यात काढून ठेवला. घड्याळं कधीच विकली, पण अंगठा आपला चालूच असतो. सुरुवातीला अकरा सेकंद होते. आज सकाळी चार झाले.